खाटेपासून रस्त्यापर्यंत

आमच्या गावच्या घरापासून गाडीरस्त्यापर्यंत पाखाडीच्या ७३ पायऱ्या आहेत. सगळ्या चढाच्या, जांभ्या दगडाच्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या. लांजा तालुक्यातलं हे घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलं तेव्हा गावात मोटार यायचीच नाही. घर बांधायचं ते पाण्याजवळ, त्यामुळे ते विहिरीशेजारी खाली बसलं आणि रस्ता पुढे कधीतरी वरून गेला. आता आम्ही गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात आणि मुंबईचा वीट आला की अधूनमधून जातो. पाहुणे येतात, घराचं कौतुक करतात, पडवीत लोळतात. पायऱ्या कुणी मोजत नाही. आठ वर्षांपूर्वीच्या एका रात्रीपर्यंत मीही मोजल्या नव्हत्या.

त्या रात्री पावणेदोनच्या सुमारास सासऱ्यांना जाग आली. छातीत भरून आल्यासारखं होत होतं आणि घाम सुटला होता. कुणाची झोप मोडायला नको म्हणून ते अर्धा तास तसेच बसून राहिले. मग सासूबाई उठल्या. गॅस झाला असेल म्हणून ओवा झाला, इनो झालं. मग आम्ही उठलो. मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारावं म्हणून माझा नवरा रेंजसाठी फणसाखाली जाऊन फोन हलवत उभा राहिला. लागला एकदाचा. डॉक्टर म्हणाले, “मला काय विचारताय, निघा.” मग कुठे निघायचं यावर चर्चा झाली. तालुक्याला की थेट रत्नागिरीला? रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा की आपली गाडी काढायची? मग त्यांना वर न्यायचं कसं? ते म्हणाले, मी चालतो. आणि आम्ही त्यांना चालू दिलं. हार्ट ॲटॅक आलेल्या माणसाला आम्ही ७३ पायऱ्या चढायला लावल्या, हे लिहिताना आजही हात थबकतो.

नंतर मी कागदावर हिशोब मांडला. दुखायला लागल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत तीन तास दहा मिनिटं गेली होती. त्यात प्रत्यक्ष प्रवास सव्वा तासाचा. उरलेले जवळजवळ दोन तास आम्ही घरातच घालवले होते. सासरे वाचले, पण हृदय कमजोर झालं ते झालंच. पुढची तीन वर्षं त्यांनी ती पाखाडी कधी एकट्याने चढली नाही.

“तिकडे काही झालं तर काय कराल हो? जवळ हॉस्पिटल नाही,” असं लोक म्हणतात तेव्हा मला हा कागद आठवतो. हॉस्पिटल लांब आहे हे खरंच, आणि ते जवळ आणणं आपल्या हातात नाही. पण आमचे दोन तास अंतराने खाल्ले नव्हते. ते खाल्ले संकोचाने, ओव्याने, फणसाखालच्या रेंजने आणि भररात्री बसवलेल्या पंचायतीने. गावाकडचं घर असो की डोंगरातलं फार्महाऊस, खरी तयारी करायची ती या तासांची. औषधांची पेटी त्यात फार खालच्या नंबरावर येते.

पहिलं काम फोनचं. महाराष्ट्रात १०८ ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. ९३७ गाड्यांनिशी ती सुरू झाली आणि या गाडीत डॉक्टर असतो, हे तिचं वैशिष्ट्य. पण आपण लांज्यातून फोन लावला तरी तो उचलला जातो पुण्यात. पलीकडच्या माणसाला आपली वाडी, वळणावरचं पिंपळाचं झाड, “सावंतांच्या दुकानाच्या खाली” यातलं काहीच ठाऊक नसतं. एकाच नावाची गावं जिल्ह्यात दोन-दोन, तीन-तीन. म्हणून जिल्हा, तालुका, गाव, मग वाडी, या क्रमाने सांगावं लागतं, आणि शेवटी अशी एक खूण, जी ड्रायव्हरला रात्री दिव्यात दिसेल. एसटीचा थांबा, शाळा, देऊळ. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे हा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलाय. कारण त्या वेळी घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या वाडीचं नावसुद्धा पटकन आठवत नाही, आणि फोन करणारा कदाचित दोन दिवसांसाठी आलेला भाचा असेल. गूगलच्या नकाशावर घराचा प्लस कोड मिळतो, तोही खाली लिहिलाय. आणि फोन झाला की एकाने टॉर्च घेऊन रस्त्यावर जाऊन उभं राहायचं, हे ठरलेलं. गाडी येते आणि आपल्या फाट्यावरून सरळ पुढे निघून जाते, हा प्रकार कोकणात नवा नाही.

रेंजचं म्हणाल तर घरात नुसतं फिरून कुठे कुठल्या कंपनीचे किती दांडे दिसतात ते एका दुपारी बघून ठेवावं. आमच्याकडे पडवीच्या उजव्या खांबाशी एक कंपनी लागते आणि मागच्या दारी दुसरी. घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं हवीतच. ११२ हा आणीबाणीचा नंबर आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. आणि टॉवरही विजेवर चालतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडची गावं कित्येक दिवस अंधारात होती, आणि विजेबरोबर फोनही गेले होते. अशा वेळी मोटारसायकल असलेला शेजारचा पोरगा हाच तुमचा टॉवर.

आता कुठे जायचं. या प्रश्नाचं उत्तर रात्री दोन वाजता शोधू नये, कारण ते आजारागणिक बदलतं. ‘जवळात जवळ’ हे उत्तर दर वेळी बरोबर नसतं, आणि ‘मोठ्यात मोठं’ हेही नसतं.

हृदयाचंच घ्या. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पलीकडचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. शहरात थेट अँजिओप्लास्टी करतात. लांबच्या गावातून निघालेल्या माणसाला तिथवर पोचायला चार-पाच तास लागणार असतील, तर आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देणं शहाणपणाचं. हे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत सर्वांत जास्त काम करतं, बारा तासांपर्यंत देता येतं, पण दर तासाला त्याची ताकद उतरत जाते. ते घेऊन मग पुढच्या चोवीस तासांत मोठ्या ठिकाणी जाऊन अँजिओग्राफी करतात. म्हणजे छातीत दुखणाऱ्याला घेऊन जिथे ईसीजी निघतो आणि हे इंजेक्शन मिळतं अशा सर्वांत जवळच्या ठिकाणी जायचं. ते ठिकाण कुठलं, हे मे महिन्यात आंबे न्यायला जाताना वाट वाकडी करून विचारून ठेवायचं. मी तसंच केलं. तिथल्या सिस्टरबाईंना जरा नवल वाटलं, पण त्यांनी सगळं नीट सांगितलं.

पक्षाघाताचं गणित वेगळं. तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, एक हात वर उचलला की खाली पडतोय, जीभ जड झालीय, यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं. इथेही गुठळी विरघळवता येते, पण लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत, आणि तेही मेंदूचा सीटी स्कॅन काढल्यावरच. कारण पक्षाघात गुठळीने होतो तसा रक्तस्रावानेही होतो, आणि रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर उठेल. म्हणजे सीटी स्कॅन नसलेल्या ठिकाणी जाऊन थांबणं हे या रोगात वेळ घालवणंच. आमच्यासाठी याचं उत्तर रत्नागिरी. राजापूरकडच्या माझ्या नणंदेचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं, कधी रत्नागिरी, कधी घाट चढून कोल्हापूर. सिंधुदुर्गातल्या दक्षिणेकडच्या कित्येक घरांचं उत्तर राज्याबाहेर आहे, गोव्यात बांबोळीला. पावसाळ्यात तर घाटाचा भरवसा धरूच नये. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं त्याच पावसात आंबा घाटाचा रस्ता खचला होता. त्यामुळे आमच्या दारामागच्या कागदावर दोन रकाने आहेत, उन्हाळा-हिवाळा आणि पावसाळा.

पक्षाघातात आणखी एक. शेवटचं धडधाकट कधी पाहिलं, ती वेळ लिहून घ्यायची. साडेचार तास तिथून मोजतात. सकाळी उठल्यावर हात हलेना झाला असेल, तर घड्याळ रात्री झोपल्यापासून लागलेलं असतं. आणि पक्षाघाताचा संशय असलेल्या माणसाला ॲस्पिरिन द्यायची नाही.

छातीत दुखत असताना मात्र ती द्यायची, साधारण ३०० मिलिग्रॅम, आणि गिळायची नाही तर चावून खायची, म्हणजे लवकर रक्तात उतरते. ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्राव झाल्याचा इतिहास असेल तर नाही. आपल्या घरातल्या माणसाला चालेल का, हे त्याच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. जिभेखालच्या सॉर्बिट्रेटबद्दल माझं मत जरा कडक आहे. आपल्याकडे ती गोळी प्रसादासारखी वाटली जाते. तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, आणि चक्कर येत असलेल्या, आधीच गार पडलेल्या माणसाला ती आडवी पाडते. ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलीय त्यालाच ती द्यावी.

आता जनावर. कोकणात रात्री साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. साप चावला असंही म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात. नाव घेतलं नाही तर येणार नाही ही समजूत गोड आहे, पण बंद घर हे त्याचं आवडतं घर असतं. दहा महिने कुलूप, कोपऱ्यात लाकूडफाटा, माळ्यावर उंदीर, आणि उंदरांमागे तो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यात शेतात राबणारे सर्वांत जास्त. सुट्टीला आलेल्यांचा धोका त्या मानाने कमी, पण त्यांचं अज्ञान मोठं.

रत्नागिरीचं खास जनावर म्हणजे फुरसं. वीतभर-दीडवीत, मातीच्या रंगाचं, दगडाखाली नाहीतर पालापाचोळ्यात बसणारं. इंग्रजांच्या काळात या जिल्ह्यात फुरशी मारायला बक्षीस लावलं होतं आणि ती लाखांनी मारली गेली. तरी ती आहेतच. त्याच्या अंगावर पाय पडायच्या आधी ते वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खर्र आवाज काढतं, तो ऐकायची सवय हवी. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. हे ओळखायची एक साधी परीक्षा आहे आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. दोन-तीन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत घ्यायचं. काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेलीही चालत नाही. ती नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त घट्ट होऊन बसलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात उतरलंय. मी हे एकदा पाहिलंय, आमच्याकडे झाडांच्या डहाळ्यांची कवळं तोडायला येणाऱ्या एका बाईच्या वेळी. आम्ही चौघं त्या नळीकडे टक लावून बसलो होतो आणि डॉक्टर घड्याळाकडे. वीस मिनिटं इतकी लांब असतात हे मला तेव्हा कळलं. नळी तिरकी केली आणि रक्त वाहिलं. बाईंना लगेच प्रतिविष सुरू झालं. त्या आता ठणठणीत आहेत आणि अजूनही अनवाणीच कवळं तोडायला जातात.

मण्यार हा याहून चोरटा प्रकार. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, आणि दुखतच नाही. दात उमटल्याची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा धरतो, पापण्या मिटायला लागतात. सगळ्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. पापण्या उघडता येत नसतील तर ते जेवण नव्हे. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, आणि अशा माणसाला श्वास देणारी सोय जवळ हवी. प्रतिविषाइतकाच जीव त्या सोयीवर अवलंबून असतो. यावरचा प्रतिबंध मात्र स्वस्तातला आहे. खाटेवर झोपायचं, नाहीतर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली नीट खोचायच्या. गणपतीत चाळीस माणसं पडवीत अंथरूण टाकतात तेव्हा मी या मुद्द्यावर घराघरांत वाईटपणा घेतलाय.

पान लागलंच तर काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही याची यादी मोठी. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, दारू पाजायची नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही आणि जनावर मारत बसायचं नाही. अंगठ्या, बांगड्या, पैंजण हे सगळं आधी काढायचं, कारण सूज येणार. हाड मोडल्यावर बांधतो तशी त्या हाताला किंवा पायाला फळी बांधायची आणि माणसाला चालू द्यायचं नाही. पुण्याचे एक स्नेही फार्महाऊसच्या फ्रिजमध्ये प्रतिविषाच्या कुप्या ठेवायच्या म्हणत होते. त्यांना मी हात जोडले. हे औषध घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून काढतात, आणि ते काही जणांच्या अंगावर असं उलटतं की हाताशी ॲड्रेनलिन आणि डॉक्टर नसेल तर सापाने न मेलेला माणूस औषधाने मरेल. शिवाय सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी होते. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरच चालतं. आपल्या रानातल्या हिरव्या चापड्यावर ते काम करत नाही. तेव्हा ते आरोग्य केंद्रातच असू द्यावं. आपण फक्त निघताना फोन करून “इंजेक्शन शिल्लक आहे ना?” एवढं विचारावं.

विंचवाची गोष्ट याच मातीतली आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचू चावलेली धडधाकट मुलं फुफ्फुसात पाणी होऊन जात होती. त्या काळी गंभीर रोग्यांतले जवळजवळ चाळीस टक्के दगावत. बावस्कर रोग्याच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब लिहीत राहिले. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर ताण येतो, हे त्यांनी ताडलं. रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली, आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपण लक्षात ठेवायचं ते इतकंच. विंचू चावल्यावर नुसतं दुखत असेल तर ते बरं लक्षण. घाम फुटला, हातपाय गार पडले, उलट्या सुरू झाल्या, की तिथून निघायचं, लहान मूल असेल तर त्याहून आधी. आणि कौलारू घरात सकाळी चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही.

बाकीचं भराभर सांगते. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, टूथपेस्ट दात घासायला ठेवा. कुत्रं चावलं तर साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना भरू नका, आणि लस त्याच दिवशी सुरू करा. जनरेटर पडवीत चालवू नका, आणि दारं-खिडक्या बंद करून गॅस गीझर लावू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. जुन्या विहिरीत पडलेला बॉल काढायला कुणी उतरू नये, तळाशी प्राणवायू नसतो, आणि पहिल्याला काढायला दुसरा उतरतो तोही तिथेच राहतो. गांधीलमाशा किंवा आग्या मोहोळ उठलं आणि अंगावर गांध्या, ओठ सुजलेले, श्वासाला घरघर असं दिसलं, तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नये. त्याला मांडीत ॲड्रेनलिन लागतं, मिनिटांत.

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकून घ्या हे मी सगळ्यांना सांगते. कोल्हापूरच्या माणसाला सीपीआर म्हटलं की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आठवतं. माझ्या मावससासऱ्यांना मी “तुम्ही सीपीआर शिका” म्हटलं तर ते म्हणाले, “तिथं आता वशिला लागतो म्हणे.” तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतकं जोरात दाबायचं. दोन मिनिटांत दाबणारा थकतो, म्हणून घरात एकाने शिकून भागत नाही. पण खोटा दिलासा देणार नाही. मेंदूला रक्त मिळालं नाही की चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते, आणि आमच्या वाडीत रुग्णवाहिका चार-पाच मिनिटांत येणं अशक्य. तरीही बुडालेला, शॉक बसलेला किंवा घास अडकलेला माणूस यांत फरक पडतो. बुडालेल्याला तर आधी तोंडाने श्वास द्यायचा असतो.

पेटीबद्दल लोक सर्वांत आधी विचारतात, म्हणून शेवटी सांगते. चालणाऱ्या गोळ्या मुक्कामाच्या दिवसांहून आठवडाभर जास्त घ्याव्यात, कारण दरड कोसळली की मुक्काम वाढतो. मधुमेह्याच्या उशाशी साखर ठेवावी. वीज गेली तर चालू इन्सुलिनची कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माठाजवळच्या ओल्या वाळूत ठेवता येते. आपल्याकडे लोणी टिकवायची जी रीत, तीच ही. आणि एका फायलीत जुना ईसीजी ठेवावा. ही गोष्ट मला हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितली. नव्या ईसीजीत काही वाकडं दिसलं, तर ते आजचं की दहा वर्षांपूर्वीचं, हे जुना शेजारी धरल्यावर कळतं. हा कागद दहा गोळ्यांपेक्षा जास्त कामाचा.

राहता राहिल्या पायऱ्या. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सराव केला. सासूबाईंना उचलून वर न्यायचं असं मी म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी जित्ती असताना चौघांनी उचलायची एवढी घाई कसली?” मग बासष्ट किलोच्या पुतण्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. चाळिसाव्या पायरीला खुर्चीचा पाय मुडपला, पुतण्या गडग्यावर आपटला, सगळी वाडी हसायला जमली. वर पोचायला बावीस मिनिटं लागली. शेजारचे अण्णा आपल्या दारातून बघत होते. ते म्हणाले, “वहिनी, आमी पूर्वी डोली करायचो. बांबू आणा दोन.” त्यांनी आमच्या जुन्या सागवानी आरामखुर्चीच्या दोन्ही बाजूंनी काथ्याने बांबू बांधले, पुढच्या बाजूला उंच माणसं घ्यायची नाहीत असं सांगितलं, कारण चढावर खुर्ची मागे कलते. पाठीमागे उंच, पुढे बुटके. अकरा मिनिटं. कोण कोण हाकेला येईल त्या चौघांची नावंही त्याच दिवशी ठरली, आणि चौघांपैकी दोघे मुंबईला असले तर कोण, तेही.

खुर्ची पडवीच्या कोपऱ्यात बांबूंसकट ठेवलीय. यंदा मे महिन्यात गेले तर अण्णांच्या बायकोने तिच्यावर सूप ठेवून कोकमाची सोलं वाळत घातली होती. मी सूप उतरवलं, चारही गाठी ओढून पाहिल्या. एक काथ्या उंदराने कुरतडला होता. तो बदलला आणि सूप पुन्हा उन्हात ठेवून दिलं.